दिवा मंदावल्याचं आणखी कुणी पाहिलं का? नवरा-बायकोच्या थरारकथांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नवरा-बायकोची थरारकथा’ म्हणजे नेमकी कोणती?

जिच्यात धोका घराच्या आतच असतो आणि त्याच्याकडे दाराची दुसरी किल्ली असते, ती. एरवीच्या रहस्यकथेत दार लावून कडी घातली की आपण सुटकेचा श्वास टाकतो. इथे कडी घातल्यावर गोष्ट सुरू होते. ज्याच्यावर जीव टाकला त्याच माणसाकडून दगा होतो आणि त्याच्याच घरात, त्याच्याच ताटाला ताट लावून जगत असताना त्यातून तगून बाहेर पडायचं असतं.

२०१३ मध्ये ज्युलिया क्राउच या लेखिकेनं अशा कथांना ‘डोमेस्टिक न्वार’, म्हणजे घरातल्या काळोख्या गुन्हेकथा, असं नाव दिलं. नाव नवं असलं तरी गोष्ट फार जुनी आहे. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकानं १६९७ साली छापलेली निळ्या दाढीच्या सरदाराची कथा हे तिचं मूळ म्हणता येईल. नवरा बाहेरगावी जाताना बायकोच्या हाती सगळ्या किल्ल्या देतो आणि एकच खोली उघडू नकोस असं बजावतो. ती उघडते, तर आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेतं. किल्लीला लागलेलं रक्त काही केल्या पुसलं जात नाही. नवरा परत येतो आणि तिला मारायला निघतो. ती थोडा वेळ मागून घेते आणि बुरुजावर उभ्या असलेल्या बहिणीला पुन्हा पुन्हा विचारते, कुणी येताना दिसतंय का?

हा प्रश्न लक्षात ठेवा. माझ्या मते या सगळ्या प्रकाराचा जीव त्या एका प्रश्नात आहे, आणि खाली तो वरचेवर येणार आहे.

सुरुवात कुठून करू?

‘गॅसलाइट’पासून. पॅट्रिक हॅमिल्टनचं हे नाटक १९३८ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलं. अमेरिकेत ते ‘एंजल स्ट्रीट’ या नावानं डिसेंबर १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर लागलं आणि त्याचे १,२९५ प्रयोग झाले. त्यावर दोन चित्रपट निघाले. १९४० चा ब्रिटिश चित्रपट थॉरल्ड डिकिन्सननं केला आणि १९४४ चा हॉलिवुडचा जॉर्ज क्यूकरनं. दुसऱ्यात इन्ग्रिड बर्गमन आणि शार्ल बॉयेर आहेत, आणि बर्गमनला त्यासाठी ऑस्कर मिळालं. वेळ एकाच चित्रपटापुरता असेल तर १९४४ चा बघा.

कथा अशी. पॉला नावाच्या मुलीला सांभाळणाऱ्या मावशीचा लंडनमधल्या घरात खून होतो. मुलगी इटलीला गाणं शिकायला जाते, तिथे मोठी होते आणि दोन आठवड्यांच्या ओळखीत ग्रेगरीशी लग्न करते. लंडनमधल्या एका शांत चौकातल्या घरात राहण्याचं माझं स्वप्न आहे, असं तो सहज म्हणतो. मावशीचं घर नेमकं तसंच आणि ते आता पॉलाच्या नावावर. दोघं तिथे राहायला जातात. मग वस्तू हरवू लागतात. ‘माझ्या आईचा आहे’ म्हणत त्यानं दिलेला ब्रोच तिच्या पर्समधून गायब होतो. भिंतीवरचं चित्र नाहीसं होतं आणि तिनंच लपवलेलं असावं तसं सापडतं. तिनं डोळ्यांनी वाचलेलं एक पत्र ‘कधी नव्हतंच’ असं तो सांगतो. आणि संध्याकाळी तो बाहेर पडला की खोलीतला दिवा आपोआप मंदावतो, वरच्या बंद माळ्यावर पावलं वाजतात.

तो दिवा मंद का होतो? हे अनेकांना कळत नाही.

कारण आपण विजेच्या दिव्यांत वाढलो. त्या काळच्या लंडनमध्ये घरात नळीतून गॅस यायचा आणि भिंतीवरच्या बर्नरमध्ये जळायचा. एकाच घरातल्या नळ्यांत दाब वाटला जायचा, त्यामुळे वर कुठे एखादा दिवा पेटवला की खालच्या दिव्याची ज्योत उतरायची. दोन मजली चाळीत खालच्यानं नळ सोडला की वरच्याची धार बारीक होते, तसंच.

ग्रेगरी ‘कामाला जातो’ म्हणून बाहेर पडतो, कोपऱ्यावरून वळतो, शेजारच्या रिकाम्या घरात शिरतो आणि छपरावरून स्वतःच्याच घराच्या माळ्यावर उतरतो. मावशीचे दागिने शोधायला त्याला उजेड लागतो, म्हणून तो वरचा गॅस पेटवतो. खाली बायकोच्या खोलीतला दिवा उतरतो. तिला वेडं ठरवण्यासाठी त्यानं बाकी सगळं ठरवून केलं आहे, पण हा दिवा त्याच्या योजनेत नव्हता. ती त्याची चूक आहे. घरानं दिलेली ती एकमेव खरी साक्ष, आणि तीच तिला भास वाटते.

हल्ली जो तो ‘गॅसलायटिंग’ म्हणतो. ते बरोबर आहे का?

निम्म्या वेळा नाही. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकी शब्दकोशानं २०२२ चा शब्द म्हणून तो निवडला, तेव्हापासून साध्या खोटं बोलण्यालाही तो चिकटवला जातो. नवरा ‘मी सिगारेट ओढली नाही’ म्हणाला तर ते खोटं. ‘तुला हल्ली भलतेसलते वास येतात, डॉक्टरांना दाखवायला हवं’ असं तो महिनोन्‌महिने म्हणत राहिला आणि तिचा स्वतःच्या नाकावरचा विश्वास उडाला, तर ते गॅसलायटिंग. खोट्यात एक वस्तुस्थिती लपवली जाते. इथे ती वस्तुस्थिती ओळखणारं तिचं यंत्रच मोडलं जातं. हा फरक जपायला हवा, कारण ज्या बाईवर खरोखर ही वेळ आली आहे तिच्याकडे तेवढाच एक शब्द आहे.

नायिकेला एवढी साधी गोष्ट कळत कशी नाही? ती सरळ निघून का जात नाही?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि मला दर वेळी त्याचा त्रास होतो. कारण नेमका हाच प्रश्न खऱ्या बायकांनाही विचारला जातो.

पॉलाकडे नीट पाहा. आईवडील नाहीत, मावशीचा खून झालेला, शहरात ओळखीचं कुणी नाही. ग्रेगरी पहिल्या दिवशी तिला वेडी म्हणत नाही. सुरुवात ‘तू विसरतेस गं हल्ली’ एवढ्यावर होते, तीही हसत, कपाळावरची बट मागे सारत. मग ‘तू दमली आहेस’. मग शेजारीण भेटायला आली की ‘हिला बरं नाही’. मग नोकरांसमोर उलटतपासणी. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा बोटभरच खाली असते. पहिल्या पायरीवर कुणी घर सोडत नाही, आणि शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत घर सोडायचा निर्णय घेणारं मन शिल्लक राहिलेलं नसतं.

शिवाय मधेमधे गोडी असते. मूळ नाटकात नवरा बायकोला नाटकाला नेईन म्हणतो. ती लहान मुलीसारखी हरखते. आणि त्याच क्षणी भिंतीवरचं चित्र जागेवर नसल्याचं त्याच्या ‘लक्षात येतं’. आनंदाच्या टोकावर नेऊन खाली सोडायचं, म्हणजे पुढच्या वेळी ती आनंदालाच घाबरेल. हॅमिल्टननं हे १९३८ साली लिहिलं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्कनं अशा वागण्याला ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’ (धाकात ठेवून ताबा मिळवणं) म्हणत त्यावर सविस्तर पुस्तक लिहिलं ते २००७ मध्ये, आणि इंग्लंड-वेल्समध्ये तो स्वतंत्र गुन्हा ठरला डिसेंबर २०१५ मध्ये. नाटककाराला जे दिसलं ते कायद्याला दिसायला ७७ वर्षं लागली.

आणि निघून जाणं म्हणजे काय असतं, हे पाहायचं तर १९९१ चा ‘स्लीपिंग विथ द एनिमी’ बघा. त्यातला नवरा टॉवेल एका रेषेत नाहीत म्हणून बायकोला धाक दाखवतो, फडताळातले डबेसुद्धा ओळीत लागतात. ती पाण्याला घाबरते, तिला पोहता येत नाही, याची त्याला खात्री आहे. ती चोरून पोहायला शिकते आणि एका वादळी रात्री बोटीवरून बुडाल्याचं भासवून पळते. तिचा शोध त्याला लागतो तो पोहण्याच्या वर्गातल्या एका ओळखीच्या बाईच्या सांत्वनाच्या फोनमुळे. महिनोन्‌महिन्यांची तयारी, आणि फुटते ती एका भल्या माणसाच्या चार शब्दांनी. ‘सरळ निघून का जात नाही’ असं म्हणणाऱ्यांनी तो फोनचा प्रसंग दोनदा पाहावा.

मग ती वाचते कशामुळे?

दुसऱ्या डोळ्यांमुळे. ‘गॅसलाइट’मध्ये स्कॉटलंड यार्डचा अधिकारी कॅमरन तिच्या खोलीत बसलेला असताना दिवा उतरतो आणि तो वर बघतो. बस, एवढंच. खुनी पकडला जाण्याच्या खूप आधी तिची सुटका त्या क्षणी झालेली असते. जे मला दिसतं ते आणखी कुणाला तरी दिसलं! बर्गमनचा चेहरा त्या वेळी जो उजळतो, त्यासाठी ते ऑस्कर होतं असं मी मानते.

आणि याची उलटी बाजूही त्याच चित्रपटात आहे, अधिक क्रूर. नवरा परतल्यावर पॉला जीव एकवटून सांगते की इथे एक माणूस आला होता. तो म्हातारी नोकराणी एलिझाबेथला बोलावून विचारतो. धनीण संकटात येऊ नये म्हणून एलिझाबेथ म्हणते, कुणी आलं नव्हतं. मायेपोटी दिलेली खोटी साक्ष, आणि पॉला त्या एका वाक्यानं पार कोसळते. नवऱ्याच्या शंभर खोट्यांनी जे झालं नव्हतं ते एका आपल्या माणसाच्या ‘नाही’नं होतं.

थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक, त्याचं काय? त्याच्याशिवाय ही यादी पुरी कशी होईल?

‘रेबेका’ (१९४०) आणि ‘सस्पिशन’ (१९४१). दोन्हींत जोन फाँटेन आहे. ‘रेबेका’ दाफ्ने द्यू मोरिएच्या १९३८ च्या कादंबरीवर आहे. त्यातल्या नव्या नवरीला संपूर्ण गोष्टीत स्वतःचं नावच नाही, मेलेल्या पहिल्या बायकोचं मात्र पानोपानी. कादंबरीतल्या नवऱ्यानं पहिल्या बायकोला गोळी घातलेली असते. चित्रपटात तो अपघात केला गेला, कारण तेव्हाच्या हॉलिवुडच्या नियमांनुसार खुनी माणूस शिक्षेवाचून सुटलेला दाखवता येत नव्हता. आपल्याकडे ‘कोहरा’ (१९६४) याच कथेवरून निघाला.

‘सस्पिशन’मध्ये नवरा रात्री बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन जिना चढतो. त्यात विष आहे का? हिचकॉकनं त्या पेल्यात छोटा दिवा ठेवला होता, म्हणून अंधाऱ्या जिन्यावर सगळ्यांची नजर त्या पांढऱ्या दुधावरच खिळते. मूळ कादंबरी १९३२ ची. तिच्यात नवरा खरोखर खुनी असतो आणि बायको सगळं जाणून विष पिते. चित्रपटात लाडका नायक कॅरी ग्रँट खुनी नको म्हणून शेवट फिरवला आणि तिचा संशय खोटा ठरवला. मला तो शेवट आजही खुपतो. चित्रपटभर आपण तिच्या भीतीबरोबर राहतो आणि शेवटी ऐकतो की चूक तिचीच होती. त्या घरात तिच्या बाजूनं पाहणारं कुणीच ठेवलेलं नाही, म्हणून कथेला तिला असं सोडून देता येतं.

बाईच दगा देणारी असेल तर?

गिलियन फ्लिनची ‘गॉन गर्ल’ (कादंबरी २०१२, डेव्हिड फिंचरचा चित्रपट २०१४). हा पुढचा परिच्छेद कथा माहीत नसणाऱ्यांनी गाळावा. बायको बेपत्ता होते, तिची डायरी सापडते आणि त्या डायरीनं नवरा खुनी ठरत जातो. पण डायरीच रचलेली आहे. म्हणजे साक्षीदारच बनावट. ‘गॅसलाइट’मध्ये खरं बोलणाऱ्या बाईला साक्ष मिळत नाही, इथे खोटं बोलणारी बाई सगळ्या देशाला साक्षीला बसवते. नवराही साधा नाही. त्याचं विद्यार्थिनीशी प्रकरण चालू आहे, आणि म्हणूनच त्याच्या निरपराधीपणावर विश्वास ठेवायला त्याची जुळी बहीणसुद्धा क्षणभर कचरते.

या कथेमुळे खऱ्या पीडित बायकांवर अविश्वास वाढेल, ही भीती अनेकींनी बोलून दाखवली आहे. ती मला पोकळ वाटत नाही. तरी कथा मी नाकारणार नाही. बाईला दुष्ट, हुशार आणि भयंकर असण्याची मुभा कादंबरीत तरी असावी.

मराठीत या प्रकारचं काय आहे?

माझं उत्तर ऐकून लोक चमकतात. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’, १९६२.

आपण ते विनोदी, चमत्कृतीचं नाटक म्हणून लक्षात ठेवलं. फिरता रंगमंच, प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका, ‘निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे’. पण त्यातला गुन्हा बघा. एक माणूस वेगवेगळी नावं, वेगवेगळे धर्म, वेगवेगळे हुद्दे धारण करून बायकांशी लग्नं लावतो, पैसा-दागिने लुबाडतो आणि नाहीसा होतो. ही कल्पना हवेतली नव्हती, माधव काझी या खऱ्या भामट्याच्या प्रकरणावरून अत्र्यांना ती सुचली. आणि न्यायालयात, जिच्याबरोबर संसार केला तिच्या डोळ्यांत डोळे घालून तो म्हणतो की तुम्ही म्हणता तो मी नव्हेच! सप्तपदी चाललेल्या बाईला ‘तुझा नवरा कोण ते तुला कळत नाही’ असं भरसभेत सांगणं, याहून मोठं गॅसलायटिंग कुठलं असेल?

मी शाळेत असताना हे नाटक पाहिलं, तेव्हा लखोबाच्या हजरजबाबीपणाला टाळ्या पडत होत्या आणि मीही वाजवत होते. आता वाचताना माझं लक्ष साक्षीदारांच्या पिंजऱ्याकडे जातं. एकेकटी असताना यातली प्रत्येक जण फसलेली, लाजेनं गप्प बसलेली बाई आहे. एकामागून एक त्या पिंजऱ्यात उभ्या राहू लागतात, तेव्हा एकीची हकीकत दुसरीच्या हकीकतीला टेकू देते. माळ्यावरची पावलं एकीनंच ऐकली तर भास, पण चौघींनी ऐकली तर पुरावा. कुणी तरी आज हे नाटक त्या बायकांच्या बाजूनं बसवावं अशी माझी फार इच्छा आहे.

आणि हिंदीत?

१९९५-९६ मध्ये ‘स्लीपिंग विथ द एनिमी’वरून पाठोपाठ तीन चित्रपट आले: ‘याराना’, ‘अग्निसाक्षी’ आणि ‘दरार’. त्यांतला ‘अग्निसाक्षी’ बघाच. नाना पाटेकरांना त्यासाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शीर्षकही विचार करायला लावणारं आहे. लग्नात साक्षीला अग्नी होता, पण बंद दाराआड जे घडतं तिथे कोण साक्षीला असतं?

अलीकडचा ‘डार्लिंग्ज’ (२०२२) भायखळ्यातल्या चाळवजा वस्तीत घडतो. तिथे आई त्याच वस्तीत राहते. काय चाललंय ते तिला माहीत असतं, आणि कथा त्या एका सोयीनं पूर्ण वेगळी होते.

शेवट आधीच सांगू नये, असं का म्हणतात?

१९५५ च्या ‘ले दियाबोलिक’ या फ्रेंच चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर मजकूर येतो: पाहिलेलं मित्रांना सांगू नका. एक नवरा, त्याची बायको, त्याची प्रेयसी, एक शाळा आणि तिथला पोहण्याचा तलाव. मी विनंती पाळते आहे.

दारात तासन्‌तास उभा राहणारा, सतत फोन करणारा प्रेमिक आणि या कथांमधला खलनायक, फरक काय?

बऱ्याचदा फक्त पार्श्वसंगीताचा. आपल्या सिनेमानं पिच्छा पुरवण्याला प्रेम म्हणून विकलं, ही माझी जुनी तक्रार आहे. थरारकथा निदान त्याच वागण्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारते. म्हणून मुलींनी, आणि मुलांनीही, सोळा-सतराव्या वर्षी या कथा वाचाव्यात असं मी म्हणते. ‘तू कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, फोन का उचलला नाहीस’ हे तीन प्रश्न ओळीनं ऐकू आले की माळ्यावरची पावलं आठवायला हवीत.

हे वाचताना मला माझंच घर दिसतं. मी काय करू?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा येतो, म्हणून मोकळेपणानं लिहिते.

आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाणीबरोबरच शाब्दिक आणि भावनिक छळ, पैशाची कोंडी हेही हिंसाचारात मोडतं. लग्न झालेलं नसलं, पण नातं लग्नासारखं असलं तरी तो लागू होतो. आणि कलम ४ मला फार मोलाचं वाटतं. हिंसाचार होतो आहे असं सकारण वाटणारी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्भावनेनं कळवलं असेल तर तिच्यावर त्याची जबाबदारी येत नाही. म्हणजे शेजारीण, मैत्रीण, भाऊ, ऑफिसातली सहकारी. कायद्यानं त्या दुसऱ्या डोळ्यांसाठी जागा ठेवली आहे. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे, जिवाला धोका असेल तर ११२.

घटना घडली की त्याच दिवशी तारीख घालून लिहून ठेवा, आणि ते लिखाण घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. आपल्या आठवणीवर कुणी बोट ठेवलं तर ते अक्षर आपलं असतं.

किरणजित अहलुवालिया यांचं प्रकरण इथे सांगायलाच हवं. इंग्लंडमध्ये दहा वर्षांच्या छळानंतर १९८९ साली त्यांनी झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. तो मेला आणि त्यांना जन्मठेप झाली. ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेनं त्यांची बाजू उचलून धरली, आणि १९९२ साली खुनाची शिक्षा रद्द होऊन त्या सुटल्या. २००६ चा ‘प्रोव्होक्ड’ हा चित्रपट त्यांच्यावर आहे. पहिल्या खटल्यात त्यांनी काय सोसलं ते न्यायालयापुढे धडपणे आलंच नव्हतं.

मैत्रिणीनं असं काही सांगितलं, तर पहिलं वाक्य काय बोलू?

‘तू सोडत का नाहीस’ हे नको. ‘तो तसा वाटत नाही गं’ हे तर मुळीच नको, ते एलिझाबेथचं ‘कुणी आलं नव्हतं’ आहे. ‘गेल्या महिन्यात तुझ्याकडे आले होते ना, तेव्हा मलाही ते जाणवलं होतं.’ खरोखर जाणवलं असेल तर हे म्हणा. नसेल जाणवलं, तर पुढच्या वेळी तिच्या घरी जरा जास्त वेळ बसा आणि दिव्याकडे लक्ष ठेवा.